खालच्या मजल्यावरून

दारिंका, तुझ्या अंत्यविधीला मी अकरा गुलाब घेऊन आले. चुकून.

दुकानात गुच्छ डझनाचा मिळतो. गेली नऊ वर्षं तुझ्यासाठी आणलेल्या प्रत्येक गुच्छातलं एक फूल मी आधी काढून आमच्या ओट्यावरच्या पेल्यात ठेवत आले. त्या दिवशीही हातांनी तेच केलं. चर्चमध्ये रांगेत माझ्यामागे तुमच्या बेलग्रेडकडच्या एक आजी होत्या, डोक्याला काळा रुमाल बांधलेल्या. त्यांनी माझ्या हातातली फुलं नजरेनेच मोजली, माझ्या कोपराला हात लावला आणि मान हलवली. मग एक फूल काढून घ्यायला हात पुढे केला. मी दिलं नाही. का दिलं नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. अकराची अकरा ठेवून मी बाजूला झाले.

जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची, मेलेल्याला सम. हा तुमच्याकडचा नियम मला तूच शिकवलास. तू आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलीस त्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी बारा गुलाब घेऊन दारात उभी राहिले होते. तू हसलीस, आभार मानलेस, मोजलेस आणि त्यातला एक उपसून माझ्या हातात परत दिलास. "हे तुझं. बारा घेऊन यायला अजून थोडा वेळ आहे."

मला वाटलं, ही बाई जरा विक्षिप्त आहे. ती तू होतीसच.

त्याआधीचं सांगायचं, तर मी पहिल्यांदा वर आले ती भांडायला. रोज सकाळी सात वाजता माझ्या डोक्यावर कुणीतरी चालायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्येच थांबून पुन्हा. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या या लाकडी इमारतींमध्ये वरच्याने खुर्ची सरकवली तरी खालच्याचा चहा हलतो. मी ठरवलेली वाक्यं पाठ करून बेल वाजवली. तू दार उघडलंस, मला आत घेतलंस आणि मी तोंड उघडण्याआधी एका बशीतून चमचाभर आंबट चेरीचा मुरांबा आणि ग्लासभर पाणी पुढे केलंस. आधी हे, मग बोल. मी खाल्लं. मग म्हटलं, की आमच्याकडेही उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात. तू विचारलंस, "भांडायला आलेल्यालाही?" मी म्हटलं, त्यालाही. तक्रार राहूनच गेली. चालणं शेवटपर्यंत चालू राहिलं. मीच ते घड्याळासारखं वापरायला लागले. तू वळलीस की मी माझ्या लेकीला, सईला, उठवायचे.

गव्हाच्या खिरीचंही तसंच. मी मोठ्या कौतुकाने वाडगा घेऊन आले, आणि तू आत डोकावून एकदम गंभीर झालीस. "कोण गेलं?" तुमच्याकडे शिजवलेला गहू, साखर आणि अक्रोड म्हणजे मृताच्या नावाचा घास. आमच्याकडे सणाचा. तू तरीही दोन वाट्या खाल्ल्यास आणि म्हणालीस की तुमचे लोक आनंदात आहेत की दुःखात हे बाहेरच्याला कळायची सोय नाही.

तू नटी होतीस हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. विचारलं तर तू सांगायचीस, "कामं करायचे." मी समजले, शिवणकाम वगैरे. मग एका हिवाळ्यात इमारतीचं हीटिंग बंद पडलं आणि ते दुरुस्त करायला पन्नाशीतला एक दणकट माणूस आला. तळघरात बॉयलरपाशी तो गुडघ्यांवर बसला होता, मी टॉर्च धरून उभी होते, आणि तू कपड्यांची टोपली घेऊन खाली आलीस. तो माणूस हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. टोपी काढली. तुमच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि त्याचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला. मग त्याने तिकडे, त्याच्या गावी, आईला फोन लावला आणि फोन तुझ्या हातात दिला. वीस मिनिटं तू त्या म्हातारीशी बोललीस, ड्रायरला टेकून. हीटिंग बंद, आम्ही सगळे कुडकुडतोय.

नंतर मी विचारलं, काय म्हणत होती? "ती माझ्या सिनेमाला तीनदा गेली होती. तिन्ही वेळा माझ्यावर चिडून घरी आली. आज विचारत होती, तू त्याला सोडून का गेलीस?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, पुढच्या वेळी राहीन."

त्या रविवारी सईने लॅपटॉपवर तो सिनेमा शोधून काढला. काळापांढरा, खाली अक्षरं नाहीत. आम्ही तिघी आमच्या सोफ्यावर बसून पाहिला आणि तू मध्ये मध्ये सांगत होतीस, तेही कंटाळून. नदीकाठचं गाव. नवरा दहा वर्षांनी तुरुंगातून सुटून घरी येतो. टेबलाशी बसतो. आणि तू बटाटे सोलतेस. चार मिनिटं. कुणी बोलत नाही. तू त्याच्याकडे पाहतही नाहीस. फक्त सालं पडताहेत, लांब, न तुटता. शेवटचा बटाटा पाण्यात टाकतेस तेव्हा त्याला कळतं की ही आता इथे राहणार नाही. मलाही कळलं, आणि मला तुमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. सई म्हणाली, "मावशी, हाऊ डिड यू डू दॅट?" तू म्हणालीस, काही नाही, बटाटे नीट सोलले. दुःख दाखवायला गेलं की साल तुटते.

हे तुझं काम करण्याचं तंत्र होतं हे मला पोळ्यांच्या वेळी पटलं. तुला पोळ्या लाटायला शिकायच्या होत्या. मी म्हटलं, कशाला, फ्रोझन मिळतात. तू म्हणालीस की नवीन काम शिकलं नाही तर हात म्हातारे होतात. तीन आठवडे रोज संध्याकाळी खाली यायचीस. गोल लाटण्यात तुला रस नव्हता. मी लाटताना पीठ कसं झटकते, मनगट कुठे वळतं, पोळी तव्यावर टाकताना दुसरा हात आपोआप पुढच्या गोळ्याकडे कसा जातो, ते तू पाहत राहायचीस. एकदा व्हिडिओ कॉलवर नाशिकहून माझ्या सासूबाई बोलत होत्या आणि कॅमेऱ्यात फक्त पोळपाट दिसत होता. त्यांनी विचारलं, "ही कोण गं बाई ठेवलीस? हात चांगला आहे. कुठल्या गावची?" मी त्यांना कॅमेरा वर करून तुझा चेहरा दाखवला. तुला मी त्यांचं म्हणणं सांगितलं, तेव्हा तू जितकी खूश झालीस तितकी त्या बॉयलरवाल्यावरही झाली नव्हतीस.

इकडे आलीस ती तुमचा देश फुटला तेव्हा, मुलाला घेऊन. तिकडे तुझी पोस्टरं लागायची. इकडे तुला रशियन आजी, भविष्य सांगणारी बाई आणि प्रेत अशी कामं मिळाली. तू ते हसत सांगायचीस. "अमेरिकेत सिनेमांत मला पाच वेळा मारलं, त्यातलं तीनदा पहिल्या दहा मिनिटांत." पण एकदा म्हणालीस की प्रेताचं काम वाईट नसतं, फक्त त्यात हातांना काही करायला नसतं. मी तेव्हा हसले होते. फेब्रुवारीत चर्चमध्ये तुझे हात पाहिले तेव्हा तेच वाक्य आठवलं.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धंच राहिलंय.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी फिजिओथेरपिस्ट; रोज आठ-दहा खुबे माझ्या हाताखालून जातात, तुझाही गेला. तू उत्तम पेशंट होतीस, कारण तू व्यायामाला तालीम म्हणायचीस. मग गेल्या उन्हाळ्यात बेलग्रेडहून पत्र आलं. तो सिनेमा त्यांनी दुरुस्त करून, धुऊनपुसून नवा केला होता. ऑक्टोबरमध्ये मोठ्या सभागृहात दाखवणार, आणि तू स्टेजवर यावंस अशी त्यांची इच्छा होती. तू पत्र घेऊन खाली आलीस ते आनंद सांगायला नव्हे. तुला एकच माहिती हवी होती. त्या स्टेजला सात पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. वॉकर न घेता चढता येतील का?

मी म्हटलं, दोन महिने आहेत, येतील. मी तक्ता छापून आणला: तारीख, वर, खाली, बाकीचे व्यायाम. तू तो फ्रिजवर लावलास. माझ्या दारासमोरच्या जिन्याला बरोबर सात पायऱ्या आहेत. रोज संध्याकाळी मी खाली उभी आणि तू वर चढतेस, हात मोकळे, मान ताठ. पाचव्या पायरीवर तू थांबायचीस. मला वाटायचं दमलीस. तू म्हणालीस, इथे टाळ्या सुरू होतील, इथे थांबावं लागतं.

सप्टेंबरच्या मध्यावर मी कोशिंबीर द्यायला वर आले, तर तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होतीस, पाठ कपाटाला लावून. चक्कर आली होती. उभं राहिल्यावर तुझं ब्लडप्रेशर एकदम उतरत होतं. मी तुला पाणी दिलं, मोजमाप केलं, खुर्चीत बसवलं. तू म्हणालीस, मिलानला सांगू नकोस. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खाली आले आणि सिॲटलला तुझ्या मुलाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याने तुझं बेलग्रेडचं तिकीट कॅन्सल केलं.

तू खाली आली नाहीस. मीच वर आले. मी शांतपणे मुद्दे मांडले: इतका लांब प्रवास, चक्कर, दिवे, कठडा नाही, आणि पडलीस तर नवा खुबा तुटेल. सगळे मुद्दे बरोबर होते. आजही बरोबर आहेत. तू कप पुसत ऐकत होतीस. मग म्हणालीस, "मी तिथे स्टेजवर पडले असते, तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. इथे स्वयंपाकघरात पडले, तर तू फोन करतेस."

मला राग आला. रोज माणसांना उभं करण्यात माझी पाठ जाते, आणि ही बाई मला चहाडखोर म्हणते. मी म्हटलं, "तिकडे आता तुला ओळखणारे उरलेत तरी किती?"

तू कप पुसत राहिलीस. मग दुसरा घेतलास. मी तो सिनेमा पाहिलेला होता, दारिंका. मला कळायला हवं होतं की काय चाललंय.

सई तेव्हा स्टेट कॉलेज गावी शिकायला होती. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, दॅट वॉज नॉट युवर डिसिजन." मी तिला म्हटलं, अभ्यास कर.

त्या लोकांनी मग तुझा व्हिडिओ संदेश मागितला. मिलानने मला विनवलं, म्हणून माझ्याच फोनवर मी तो काढला. तू निळा ब्लाउज घातलास, खिडकीशी बसलीस, एकदाच बोललीस, दोन मिनिटं, आणि उठलीस. पुन्हा पाहायला नको म्हणालीस. माझ्याशी त्यापलीकडे एक अक्षर नाही. अकरा दिवस. मग बाराव्या दिवशी मुरांब्याची बशी आणि पाणी घेऊन तू माझ्या दारात उभी राहिलीस. मी खाल्लं. पुन्हा पोळ्या, पुन्हा चहा, पुन्हा सईच्या मार्कांची चौकशी. त्या विषयावर तूही बोलली नाहीस आणि मीही. मी समजले की मिटलं. कामं भरपूर असली की माणूस असं समजून टाकतो.

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. बेलग्रेडच्या लोकांनी त्या संध्याकाळचं चित्रण पाठवलं होतं. तू पाहायचं नाकारलंस. मी पाहिलं, लंच ब्रेकमध्ये, गाडीत बसून. तुझ्या त्या दोन मिनिटांनंतर सभागृह उभं राहिलं. मी मोजायचा प्रयत्न केला, रांगांवरून, आणि सोडून दिला. वरची गॅलरीही भरलेली होती. तरुण पोरं होती, दारिंका, सईच्या वयाची. स्टेज रिकामं होतं, पडद्यावरचं तुझं चित्रही गेलं होतं, तरी ते टाळ्या वाजवत होते, त्या सात पायऱ्यांकडे बघत. बराच वेळ.

हे मला वर येऊन सांगता आलं असतं. सात-सातचे दोन टप्पे, चौदा पायऱ्यांचं काम. सांगितलं असतं तर माझं ते वाक्य खोटं होतं हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. आधी वाटलं दिवाळीत सांगू. मग वाटलं, विषय कशाला उकरायचा. आता सांगतेय. ओळखणारे पुष्कळ होते.

हिवाळ्यात सकाळी तू माझ्या दारावरून खाली जायचीस आणि परत वर. मला वाटायचं, टपाल आणायला. टपाल दुपारी येतं हे मला ठाऊक होतं. त्या शेवटच्या सकाळीही तू उतरलीस. मी डबा भरत होते, उशीर झाला होता, भाजीचं झाकण सापडत नव्हतं. तुझी पावलं दारापाशी थोडी थांबली. मला वाटलं, बेल वाजवतेस की काय. नाही वाजवलीस. मी दार उघडलं नाही. दुपारी मला क्लिनिकमध्ये फोन आला. खिडकीजवळच्या खुर्चीत, झोपल्यासारखी. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, जिन्याचा काही संबंध? नाही म्हणाले. हृदय थकलं होतं, एवढंच. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

अंत्यविधीनंतर मिलानला घर आवरायला मी मदत केली. भांडी मी, कागद त्याने. फ्रिजवरचा तक्ता मी काढायला गेले. मला वाटलं, सप्टेंबरनंतर कोरा असेल. तुझ्या पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. सप्टेंबरचं पान संपल्यावर तू मागच्या बाजूला हाताने रकाने आखले होतेस. ऑक्टोबर. त्या अकरा दिवसांतल्याही. नोव्हेंबर, डिसेंबर, थेट फेब्रुवारीपर्यंत. सात वर, सात खाली. शेवटची रेघ त्याच सकाळची.

मी तक्ता हातात घेऊन उभी होते. मिलान माझ्याकडे पाहत होता. तो म्हणाला, "मे महिन्याचं तिकीट काढलं होतं. ते लोक म्हणाले, तुम्ही कधीही या, आम्ही पुन्हा दाखवू. आईने मला शपथ घातली होती." मग खाली पाहून म्हणाला, "म्हणाली, खालच्या मजल्यावर कळू देऊ नकोस."

मी म्हटलं, बरोबर आहे तिचं. आणि भांडी पुसायला घेतली.

कारण ते खरंच बरोबर होतं. मला कळलं असतं तर मी पुन्हा फोन केला असता. मी तशीच आहे. मला माणसं पडलेली चालत नाहीत. तुला जन्मभर कुणी पडू दिलं नाही असं नाही. देश गेला, नाव गेलं, पाच वेळा मेलीस. तू प्रत्येक वेळी उठून दुसऱ्या दिवशी सातला चालायला लागलीस. एक मीच तुला पडण्यापासून वाचवलं. सकाळी सात वाजता मी अजून छताकडे बघते, आणि मग स्वतःच कामाला लागते. तू त्या दिवशी माझ्या दाराशी का थांबली होतीस ते मला कधी कळणार नाही. कदाचित टाळ्यांसाठी. तीच पायरी होती का, हे मी मोजून पाहिलेलं नाही.

उद्या चाळीस दिवस होतात. तुमच्यात म्हणे माणूस चाळीस दिवस आपल्या घराभोवतीच असतो आणि मग निघतो. आमच्याकडे तेराव्याला सोडतात. तुमचे लोक जरा सावकाश. माझा यावर विश्वास नाही, पण गहू मी भिजत घातलाय. मिलानला तो शिजवता येत नाही. अक्रोड दळून ठेवलेत. या वेळी खीर नाही. वेलदोडा घालायला हात गेला होता, मागे घेतला.

फुलंही आणलीत. ओट्यावर आहेत. सवयीने एक बाजूला काढलं होतं, पेल्यात घातलंही होतं. मघाशी ते परत गुच्छात ठेवलं. बारा आहेत, मी दोनदा मोजले. उद्या त्या आजी असल्या तर बघतील.

आता तुला जिथे जायचं असेल तिथे जा, दारिंका. आधी बेलग्रेडला जा. सातही पायऱ्या चढ, हात मोकळे ठेव, पाचवीवर थांब. खालच्या मजल्यावरून या वेळी कुणी फोन करणार नाही.